बरोबर ऐकू येईपर्यंत

लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात बायकोनं माझं नाव पोपट ठेवलं. कारण साधं होतं. ती म्हणायची, "अहो, येताना मीठ आणा," आणि मी म्हणायचो, "येताना मीठ आणतो." ती म्हणायची दुधावर लक्ष ठेवा, मी म्हणायचो दुधावर लक्ष ठेवतो. नुसतं हो म्हणायला तुमचं काय जातं, असं तिनं विचारलं की मी म्हणायचो, "नुसतं हो म्हणायचं." मग ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहायची. ती शिवणकाम करायची, त्यामुळे हातात बहुतेक वेळा कात्री असायची, आणि मी विषय बदलायचो.

दोष माझा नव्हता, कामाचा होता. मी गॅस प्लांटमध्ये पॅनेल ऑपरेटर आहे. जमिनीखालून येणारा गॅस ओलसर असतो. तो आम्ही सुकवतो, साफ करतो, त्याचा दाब वाढवतो आणि पुढच्या पाइपात ढकलतो. मी कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर बसतो आणि बाहेर यंत्रांमध्ये फिरणारा माणूस माझे हातपाय असतो. दोघांमध्ये फक्त एक वॉकीटॉकी. बाहेर कंप्रेसरचा असा धडधडाट असतो, की शेजारचा माणूस ओरडला तरी फक्त तोंड हललेलं दिसतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे. मी सांगायचं, त्यानं तेच शब्द जसेच्या तसे मला ऐकवायचे, मी "बरोबर" म्हणायचं, आणि "बरोबर" ऐकू आलं की मगच त्यानं व्हॉल्व्हला हात लावायचा. चुकीचं ऐकवलं तर "चूक". नीट ऐकूच आलं नाही तर "परत". म्हणजे परत सांग. अंदाज मात्र कोणी करायचा नाही, कितीही हुशार असला तरी.

हा नियम आम्हाला एका मनगटानं शिकवला. बाहेरच्या कामाला तेव्हापासून आजपर्यंत माझ्याबरोबर जो आहे त्याला सगळे उंट म्हणतात, कारण मान लांब आहे आणि अख्ख्या पाळीत तो पाण्याला शिवत नाही. तीसेक वर्षांपूर्वी, माझ्या लग्नाच्या थोडं आधी, मी त्याला म्हणालो, "सात नंबर उघडू नको." नेमका तेव्हा रेडिओ खरखरला आणि वाक्याचं शेपूट गिळलं गेलं. उंटाला पोचलं ते "सात नंबर उघड". त्यानं उघडला. दाबाखालचा होजपाइप सुटून उसळला आणि त्याच्या डाव्या मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आपल्या भाषेची ही खोडच आहे. नकार येतो तो शेवटी. सगळं वाक्य होकारासारखं चालत जातं आणि दारापाशी पोचल्यावर उलटतं. तेव्हापासून आमच्या प्लांटमध्ये कोणी "उघडू नको" म्हणत नाही, "बंद ठेव" म्हणतो. मी दवाखान्यात बघायला गेलो तेव्हा उंट प्लास्टर दाखवत म्हणाला, पुढच्या वेळी नको आधी म्हण, उघडू नंतर म्हण. मला हसायला आलं नाही. अजूनही येत नाही.

तर अशी माझी सवय. घरी ती चेष्टेचा विषय होती. लेक लहान असताना मुद्दाम मला म्हणायची, "बाबा, मी आज अभ्यास करणार नाही," आणि मी परत म्हणेपर्यंत पसार व्हायची. बायको शेजारणींना सांगायची की माझं लग्न एका प्रतिध्वनीशी झालं आहे. पण तिचाही एक नियम होता आणि त्याबाबतीत ती माझ्याहून कडक होती. कामाला निघताना मी "जातो" म्हटलेलं तिला चालायचं नाही. दारात हात आडवा धरायची. "येतो म्हणा." "येतो." मगच हात खाली. मी म्हणायचो, बघ, तूही ऐकून घेतल्याशिवाय सोडत नाहीस. तर म्हणायची, हे वेगळं आहे. काय वेगळं ते तिनं कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी ब्लाउजला काज करता करता तिच्या हातातून सुई पडली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मेंदूत गुठळी झाली होती. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण उजवा हात लुळा पडला, पाय ओढला जाऊ लागला आणि बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, समजही पूर्ण होती, फक्त शब्द हाताशी येत नव्हते. टाचण्यांचा डबा सांडावा आणि हवी ती सोडून भलतीच हाती यावी, तसं तिचं होत होतं. पहिले पंधरा दिवस जगातली प्रत्येक वस्तू "काज" होती. पाणी काज, पंखा काज, मीसुद्धा काज. जिच्यापुढे माझी कधी डाळ शिजली नाही, ती बाई एकेका शब्दासाठी घामाघूम होताना मला बघवायचं नाही.

पण त्याहून मला बघवायची नाहीत ती मदत करणारी माणसं. माझा स्वभाव मुळात चिडका, आणि या दिवसांत तो जास्तच चढला होता. हिनं तोंड उघडलं रे उघडलं की समोरच्या काकू म्हणणार, पाणी हवंय तिला. माझी बहीण म्हणणार, छे, अंग दुखतंय. लेक फोनवरून म्हणणार, आई, तुला माझी आठवण येतेय ना. सगळी माणसं प्रेमाचीच, पण प्रत्येकाचा अंदाज ठरलेला. आणि ही दमून मान डोलवायची. तो होकार नव्हता, शरणागती होती.

मी अंदाज करत नव्हतो. माझा मोठेपणा नव्हे, मला ते जमतच नाही. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "खिडकी." मी म्हणालो, "खिडकी उघडतो," आणि उघडली. ती जरा जोरात म्हणाली, "खिडकी." मी म्हणालो, "खिडकी लावतो," आणि लावली. तिसऱ्यांदा "खिडकी" आल्यावर मी ती अर्धी उघडून उभा राहिलो. तिनं माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि तोंडाच्या डाव्या बाजूनं हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डाव्या हातानं माझ्या नाकाकडे बोट केलं. तिला चष्मा हवा होता. काचेच्या एका वस्तूऐवजी दुसरी आली होती, इतकंच. मी चष्मा तिच्या डोळ्यांवर ठेवला आणि म्हणालो, "आज माझा खरा पोपट झाला." दुखण्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी, आणि मला कळलं की हिला मनातलं ओळखणारं माणूस नको आहे, ऐकून परत ऐकवणारं हवं आहे.

मी तिला आमचे तीन शब्द शिकवले. बरोबर, चूक, परत. पलंगासमोरच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. ती जे म्हणेल ते मी जसंच्या तसं म्हणायचं. तिच्या मनातलं असेल तर बरोबर, नसेल तर चूक. मी काय बोललो ते तिला समजलं नाही तर परत. महिनाभरात हे तीन शब्द तिच्या तोंडी लख्ख बसले, बाकी सगळी भाषा धुक्यात असताना. आठवड्यातून एकदा बोलणं शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी भिंत बघून विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हणालो, कामावर. त्या म्हणाल्या, फार छान आहे, असंच चालू ठेवा. आधी वस्तूंची नावं येतील, मग माणसांची. क्रियापदं सगळ्यात शेवटी येतात, घाई करू नका. मी म्हणालो, "क्रियापदं सगळ्यात शेवटी. घाई करायची नाही." बाईंच्या आधी बायको म्हणाली, "बरोबर." बाईंना काय विनोद झाला ते कळलं नाही.

हळूहळू नावं यायला लागली. दोरा. चहा. ऊन. एकदा माझ्या शर्टाकडे बघून "गुंडी", आणि खरंच वरून दुसरी गुंडी तुटली होती. आमची अख्खी दुपार चार शब्दांत जायची, आणि मी खोटं सांगत नाही, त्यातल्या काही दुपारी मी पूर्वीच्या कुठल्याही दुपारपेक्षा सुखी होतो. तीस वर्षं ती बोलत होती आणि मी नुसतं परत म्हणत होतो. आता मी ऐकत होतो.

पण रजा संपली. उंटानं साहेबांशी बोलून आम्हा दोघांना कायमची सकाळपाळी मिळवून दिली. मी नसताना काकू येऊन बसायच्या. दुपारपासून दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत सगळं माझ्याकडे. कूस बदलायला, पाय चोळायला, बाथरूमला न्यायला मी दर दोन तासांनी उठायचो. मला वाटायचं जमतंय. चेहऱ्यावर दिसत असेल, पण आपला चेहरा आपल्याला कुठं दिसतो.

मग एके दिवशी साडेअकराच्या सुमारास मी रेडिओवर उंटाला म्हणालो, "अकरा नंबर बंद कर." उंट म्हणाला, "सतरा नंबर बंद करतो." मी म्हणालो, "बरोबर."

पडद्यावर काहीच हललं नाही. पाच मिनिटांनी कंट्रोल रूमचं दार उघडून उंट आत आला. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, वॉकीटॉकी त्याच्या शेजारी ठेवला आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसला.

"मी मुद्दाम सतरा म्हणालो," तो म्हणाला. "तीन दिवस मला संशय येतोय. तुझं 'बरोबर' हल्ली माझं वाक्य संपायच्या आत येतं."

सतरा नंबर बंद झाला असता तर चालत्या कंप्रेसरचा घसा आवळला गेला असता. पुढचं मी इथं लिहीत नाही. मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो. हाड जुळलं असलं तरी ते जरा वाकडंच आहे, घड्याळ नीट बसत नाही. त्यानं विचारलं, साहेबांना तू सांगतोस की मी सांगू? मी सांगितलं. साहेबांनी आवाज न चढवता दुसऱ्याला पॅनेलवर बसवलं आणि मला दोन दिवस घरी झोपायला पाठवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिच्यापासून लपवणं मला आधीही जमलं नव्हतं, आणि आता तर ती पूर्वीपेक्षा जास्त बघायची. मी म्हणालो, मी ठरवलंय. लवकर निवृत्ती घेतो. प्लांट माझ्या जागी नवा माणूस शोधेल, पण तुला मी एकटाच आहे. हे म्हणताना मला आत कुठं तरी बरं वाटत होतं. चांगल्या नवऱ्यासारखं बोललो असं वाटत होतं.

ती म्हणाली, "झोप."

मी उशी सारखी करून तिला आडवं करू लागलो.

"चूक."

"परत," मी म्हणालो.

"झोप." आणि डाव्या हाताचं बोट माझ्या छातीवर टेकवलं.

"मी झोपायचं."

"बरोबर."

मी म्हणालो, झोपेन गं, निवृत्त झाल्यावर दिवसभर झोपेन. आणि त्याच दुपारी टेबलाशी बसून अर्ज लिहिला. तीस वर्षांचं काम चार ओळींत मावलं. उडू नये म्हणून तो कागद तिच्या शिवणयंत्राच्या पायाखाली सरकवून ठेवला. मोठ्या तोंडानं शब्द परत म्हटला आणि तसं वागलो मात्र नाही. हे आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप आहे. बाहेरच्या माणसानं असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

ती पलंगावरून माझ्याकडे आणि त्या कागदाकडे बघत होती.

शनिवारी लेक आणि जावई आले. लेक दोनशे किलोमीटरवर राहते. तिनं चप्पल काढता काढताच विषय काढला, म्हणजे रस्ताभर तो घोकत आली असणार. तिच्या घराजवळ असं एक केंद्र होतं, जिथं आठवड्यातून एकदा नव्हे, रोज दोन तास बोलणं शिकवत. घर तळमजल्यावर, जिना नाही. ती घरूनच काम करते, त्यामुळे आई एकटी राहणार नाही. तीन महिने आईला माझ्याकडे राहू दे, बाबा, असं ती म्हणाली.

मी म्हणालो, तिची इथं सवय झाली आहे. लेक म्हणाली, सवय तुमची झाली आहे. मी म्हणालो, तिचं बोलणं फक्त मला कळतं. ती म्हणाली, म्हणूनच तर, बाबा, जगात एकाच माणसाला कळलं तर ते बोलणं कसलं? जावई खिडकीतून बाहेर बघू लागला. तो समजूतदार आहे, घरातले आवाज चढले की त्याला बाहेरची झाडं दिसतात. मी म्हणालो, तुझ्या आईला इथून हलायचं नाही. लेक म्हणाली, आईला लवकर बरं व्हायचंय. आम्ही दोघं तावातावानं तिच्या मनातलं सांगत होतो, आणि ती आमच्या मध्ये खुर्चीवर बसलेली होती.

टेबलावर फाट्कन आवाज झाला. तिनं डाव्या हातात लाकडी मोजपट्टी घेऊन आपटली होती. शिवण शिकायला येणाऱ्या मुली गप्पा मारायला लागल्या की ती पूर्वी अशीच आपटायची. आम्ही दोघं गप्प झालो.

ती ओठ जुळवत राहिली. कपाळावरची शीर फुगली. लेक पुढं सरसावली, तिला मी हातानं थांबवलं.

"लेकी," ती म्हणाली. श्वास घेतला. "लेकीकडे."

मी वाट बघितली. सांगितलं ना, आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. सगळं वाक्य होकारासारखं चालत येतं आणि मग दारापाशी एक छोटासा "नको" उभा असतो. मला तो हवा होता. मी तिच्या ओठांकडे बघत त्या एका शब्दाची वाट बघत राहिलो, आणि तो आला नाही, तेव्हा मी तो स्वतःच घातला.

"लेकीकडे जायचं नाही," मी म्हणालो.

"चूक."

तीस वर्षांत मी स्वतःच्या सोयीचा अंदाज केला नव्हता. त्या दिवशी केला. माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघायला बराच वेळ लागला.

"लेकीकडे जायचं."

"बरोबर."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि धुतलेली भांडी परत धुवायला घेतली. मला राग आला होता, आणि त्याच्या खाली जे होतं ते रागाहून वाईट होतं. पाय मी चोळले, शब्द मी जमवले, भिंतीवर अक्षरं मी लिहिली, आणि ही लेकीकडे निघाली. मला इतकं एकटं दवाखान्याच्या बाकावरही वाटलं नव्हतं. लहान मुलासारखं रुसून मी एक पातेलं तीनदा घासलं.

मागून पाय ओढल्याचा आवाज आला. ती भिंत धरत धरत एकटी आली होती. डाव्या हातात कसले तरी कागद होते. माझ्याजवळ येऊन तिनं ते ओट्यावर ठेवले. माझा अर्ज होता. मधून कापलेला, दोन तुकडे.

मी ते तुकडे हातात घेतले. कापलेली कड दातेरी होती, उंदरानं कुरतडल्यासारखी. जी बाई खडूची खूण न करता हातभर कापड सरळ रेषेत कापायची, तिनं झटक्यानंतर पहिल्यांदा कात्री धरली होती, तीही डाव्या हातात, आणि माझ्या अर्जावर चालवली होती.

"काम," ती म्हणाली.

"काम."

तिनं माझ्या छातीवर बोट टेकवलं, त्या दिवशीसारखं.

"मी कामावर जायचं," मी म्हणालो.

"बरोबर." मग तेच बोट तिथंच ठेवून म्हणाली, "झोप."

"आणि झोपायचं."

"बरोबर."

तेव्हा मला कळलं, आणि इतकं उशिरा कळलं याची लाज वाटली. ती मला सोडून जात नव्हती. मी झोपावं म्हणून जात होती. उंटाला माझ्या "बरोबर"वर भरवसा ठेवता यावा म्हणून जात होती. मी साबणाचे हात तसेच धरून रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिनं पदरानं माझे हात पुसले, एका हातानं, अर्धवट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. जावयानं सामान गाडीत भरलं. शिवणयंत्र न्यायचं नाही असं तिनं ठरवलं, कात्री मात्र पिशवीत घातली. भिंतीवरच्या तीन शब्दांचा लेकीनं फोनवर फोटो काढून घेतला आणि मला म्हणाली, बाबा, तिकडेही हे लिहिते. मी तिला नियम समजावून सांगितला. अंदाज करायचा नाही, कितीही माया असली तरी. ती म्हणाली, "अंदाज करायचा नाही." मी म्हणालो, "बरोबर." पोरीला लहानपणी शिकवायला हवं होतं.

बायको मागच्या सीटवर बसली. मी गाडीचं दार धरून उभा राहिलो आणि शेवटचं म्हणून सगळं एकदा सांगितलं. निळ्या डबीतली गोळी सकाळी, पांढरी जेवणानंतर. चष्मा पिशवीच्या पुढच्या कप्प्यात. काठी पायाशी.

"परत," ती म्हणाली.

मला वाटलं ऐकू आलं नसेल, गाडी चालू होती. मी मोठ्यानं म्हणालो, "निळ्या डबीतली सकाळी. पांढरी जेवणानंतर. चष्मा पुढच्या कप्प्यात. काठी पायाशी."

"परत."

मी अजून मोठ्यानं आणि सावकाश सुरू केलं. समोरच्या काकू गॅलरीत आल्या. चष्म्यापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात तिनं डावा हात बाहेर काढला आणि माझ्या तोंडावर ठेवला.

"चूक."

लेक पुढच्या सीटवरून वळली आणि म्हणाली, आई, घरी काही राहिलंय का? मी हातानं तिला गप्प केलं. बायकोचा तळवा माझ्या तोंडावर तसाच होता, आणि ती समोर कुठं तरी बघत शब्द शोधत होती. ओठ उघडत होते, मिटत होते. जावयानं गाडी बंद केली.

"परत," ती म्हणाली. आणि मग, खूप वेळानं, "येते."

तिनं हात काढला.

क्रियापदं सगळ्यात शेवटी येतात, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. तीस वर्षं दारात हात आडवा धरून तिनं माझ्याकडून जो शब्द घेतला, तोच आज तिनं आपणहून दिला होता, आणि मी खुळ्यासारखा गोळ्यांची यादी ऐकवत होतो. मी तिचे शब्द म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना, नुसतीच खरखर झाली.

"परत," ती म्हणाली. या वेळी त्याचा अर्थ नेहमीचाच होता.

मी घसा साफ केला.

"परत येते," मी म्हणालो. तिचेच शब्द, जसेच्या तसे.

"बरोबर."

मग मी दार लावलं.